ठोकून सरळ केलेला बूट

पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात तुळशीरामला निवांत बसलेला पाहिलंय असं सांगणारा माणूस शोधून सापडला नसता. जेवायलाही तो उकिडवाच बसे आणि शेवटचा घास तोंडात असतानाच उठे. पायाला भिंगरी लागलेली माणसं गावोगाव असतात, याच्या हातांनाही भिंगरी होती. दाराची कडी खिळखिळी झाली, नळ गळला, शेजारच्या छत्रीची काडी मोडली की ते हात शिवशिवायला लागायचे, आणि मालकाने बोलवायच्या आत तुळशीराम हातोडी घेऊन हजर व्हायचा.

उमेदीची सगळी वर्षं त्याने होड्या दुरुस्त केल्या. फळ्यांच्या फटीत कापसाचं सूत ठोकून ठोकून बसवायचं, वर राळ ओतायची, मग सगळ्या अंगाला मुशी माशाच्या तेलाचा हात द्यायचा. त्याच्या हाताखालून गेलेली होडी बापानंतर लेकाने चालवावी, असं काम. "टाकायची वस्तू देवानं बनवलीच नाय," असं तो म्हणे, आणि म्हणताना छाती अशी काढे, की देवाच्या घरची सगळी दुरुस्ती जणू यालाच नेमून दिली आहे. पण खाडी गाळाने आणि भरावाने उथळ होत गेली, मासा आटला, आणि ज्यांनी धंदा सोडला नाही त्यांनी फायबरच्या होड्या आणल्या. फायबरला सूत नको, राळ नको आणि तुळशीरामही नको.

मग रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत झाली. शेजारच्या गुणाबाईचा बंद मिक्सर त्याने सुरू करून दिला, पण झाकण जे बसवलं ते पुन्हा निघालं नाही. घरातल्या पंख्याची कुरकुर त्याने घालवली, आणि त्या दिवसापासून त्या पंख्याखाली झोपायला कुणी तयार होईना. भामा, त्याची बायको, बाजारात मासळी विकायला निघताना घरातल्या चालत्या वस्तू तांदळाच्या पिंपात लपवून जायची. "चोर परवडला," ती बायकांना सांगायची. "चोर नेतो तरी. आमचं मानूस खोलून ठेवतंय."

बायका हसायच्या. तुळशीरामला मात्र संध्याकाळ झाली की घर खायला उठे. दारातून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यावरून दारापर्यंत त्याच्या फेऱ्या चालत. धक्क्यावर आता आपल्याला कुणी हाक मारत नाही, हे त्याला कळत होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

अशात त्याच्या एकुलत्या लेकाला, प्रणितला, उरणकडच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात काम लागलं. साल दोन हजार दहाच्या आसपासचं. कंटेनरमधला माल उतरवायचा, फोर्कलिफ्टवाल्याच्या मागेपुढे राहून रचायचा, पुन्हा ट्रकमध्ये भरायचा. पहिल्याच आठवड्यात त्याला सेफ्टी बूट मिळाले. जाड काळं कातडं, खाली दणकट रबर, आणि पुढे बोटांवर, कातड्याच्या आत दडवलेली लोखंडी टोपी. तुळशीरामच्या स्वतःच्या पायाला उभ्या जन्मात बूट लागला नव्हता. त्याने एक बूट उचलला, वजन पाहिलं, पेराने टोपीवर टकटक केलं, उलटा करून तळ पाहिला.

"ही तं होडी हाय रं," तो म्हणाला. "बारकीशी. मानूस आत, मरान भायेर."

त्या दिवसापासून ते बूट त्याचे झाले. घालायचे प्रणितने, सांभाळायचे तुळशीरामने.

सुरुवात झाली ती हात दाखवून अवलक्षण. पहिल्याच रविवारी त्याने बूट साबणाच्या पाण्यात बुडवले, काथ्याने खसाखसा घासले आणि बोंबील सुकवायच्या काठीवर, भर उन्हात, बोंबलांच्या शेजारी टांगून दिले. संध्याकाळी कातडं पापडासारखं कडक. दुसऱ्या दिवशी प्रणितच्या दोन्ही टाचा सोलवटून निघाल्या. तुळशीरामने त्यावर उपाय काढला तो त्याला माहीत असलेला एकमेव: मुशीचं तेल. चांगलं दोन बोटं घेऊन त्याने बूट असे माखले, की कातडं मऊ झालं खरं, पण कोळीवाड्यातली झाडून सगळी मांजरं ओटीवर मुक्कामाला आली. प्रणित कामावर निघाला की दोन-तीन बोके एसटीपर्यंत पोचवायला जायचे. गोदामात दुपारी त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसेना. शेवटी दिपिकाने, प्रणितच्या बायकोने, ती तेलाची बाटली गटारात रिकामी केली आणि सासऱ्याच्या हातात काळ्या पॉलिशची डबी ठेवली.

"मामा, हे लावा. आणि उन्हात नका टांगू, ती काय मासळी आहे का?"

तुळशीराम फुगून बसला खरा, पण शिकलाही. चिखल ओला असताना घासायचा नाही, वाळला की ब्रशने झटकायचा. नाड्या काढून वेगळ्या धुवायच्या. आतला तळवा बाहेर काढून वाऱ्यावर ठेवायचा, नाहीतर पायाला बुरशी धरते. ओल्या फडक्याने कातडं पुसायचं, आत जुना पेपर कोंबून सावलीत ठेवायचं, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच पॉलिश. रोज दिवेलागणीला प्रणित आला की तुळशीराम ओटीवर तयार असायचा, एका बाजूला ब्रश, एका बाजूला फडकी. प्रणितने पायातून बूट काढायचा अवकाश, याने तो ओढून घ्यायचा. त्या वेळात फेऱ्या थांबायच्या. घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या ते ध्यानात आलं होतं, भामाच्या सगळ्यात आधी. पिंपात लपवलेला घरचा मिक्सर तिने पुन्हा ओट्यावर आणून ठेवला.

आणि मग होळीच्या आधी बूट चेपला.

रचलेल्या मालातली एक लाकडी पॅलेट घसरली आणि तिचा कोपरा प्रणितच्या उजव्या पायावर आला. पाय वाचला, बोटं वाचली, नखही काळं झालं नाही. टोपी मात्र आत दबली होती आणि वरचं कातडं फाटलं होतं. भामाने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. दिपिका रडली आणि मग रडल्याबद्दल चिडली.

"सुपरवायझर बोललाय, नवीन जोड घे म्हणून," प्रणित म्हणाला. "परवा गेलो की स्टोअरमधून मिळंल."

तुळशीराम तोवर बूट घेऊन उजेडात गेला होता. "एवढ्याशा चेपाला बूट टाकतात? तळ बघ. टाच बघ. कातडं कसं ठेवलंय मी, बघ."

"बाबा, नियम हाय त्यांचा."

"नियम करनाऱ्यानं कवा हातोडी धरली होती काय? उद्या तुना सुट्टी हाय ना? मंग गप बस."

दुसरा सगळा दिवस त्याने त्या एका बुटावर घातला. पुढची शिवण उसवली, टोपी मोकळी केली, जुन्या सांडशीच्या गोल तोंडावर ती उपडी ठेवली आणि आतून बाहेरून हलक्या हाताने ठोकत ठोकत होती तशी केली. फाटलेल्या जागी भामाच्या जुन्या पर्सचं कातडं आतून लावलं. फटीत कापूस भरला, वर राळ, राळेवर पॉलिश, पॉलिशवर पुन्हा पॉलिश. जेवायला हाक मारली तर ओरडला. किती वर्षांनी त्याच्या हाताला त्याचं काम मिळालं होतं! संध्याकाळी दोन्ही बूट शेजारी ठेवून त्याने घरच्यांना विचारलं, चेपलेला कोणता ते सांगा. कुणालाही सांगता आलं नाही.

प्रणितने बूट हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"मस्त झालाय, बाबा," तो म्हणाला आणि सकाळी तोच जोड घालून कामावर गेला.

झालं. तुळशीरामला आकाश ठेंगणं झालं. कोळीवाड्यात असा एक माणूस उरला नाही ज्याला त्याने ही हकिकत सांगितली नाही. गुणाबाईला तर तीनदा सांगितली. मिक्सरचा सल तिच्या मनात होता, म्हणून तिला मुद्दाम जास्त. पावसाळा आला, गणपती आले, गेले. रोज संध्याकाळी बूट येत होते, रोज साफ होत होते. आता तर त्यांना घाणही फारशी लागत नव्हती. वर थोडी धूळ, कधी कडेला रस्त्याचा चिखल, एवढंच. पूर्वी ग्रीस आणि काळं तेल खरवडून काढता काढता नखं भरायची. "माझं पॉलिशच असं बसलंय," तो भामाला सांगे, "की घानीची हिंमत होत नाय." भामा हूं म्हणायची आणि मासळी कापायला लागायची.

दसरा झाल्यानंतर एका सकाळी तो नाड्या आणायला बाजारात गेला होता. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर त्याला ओवे गावचा कमलाकर दिसला. ओळख जुनी, दुसऱ्या एका गोदामात कामाला होता. पण आज त्याच्या काखेत कुबडी होती आणि उजव्या पायाला जाड पांढरं बँडेज.

"ह्ये काय रं?" तुळशीरामने विचारलं.

"अंगठा गेला नि शेजारचं बोट गेलं," कमलाकर म्हणाला. "ड्रमची कड आली पायावर."

"आनि बूट? बूट नव्हता पायात?"

"व्हता ना! तोच तं नडला. टोपी आधी एकदा चेपली व्हती. मी म्हनलं, कोन मागंल दुसरा, नि घरीच ठोकून सरल केला. मस्त दिसत व्हता. पन दादा, लोखंड एकदा दबलं का त्यातला जीव जातो. दुसऱ्यांदा मार बसला नि ती टोपी अशी आत वलली, का तिच्याच कडेनं बोटं कापली. बूट नसता तं बोटं चेचली असती, राहिली तरी असती. डाक्टरनं कातडं कापून ती टोपी काढली."

कमलाकर पुढेही काही बोलत होता. तुळशीरामला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तशी ती भरल्या स्टँडवर, डांबरी रस्त्यावर सरकली. त्याला ती सांडशी आठवली, आणि टोपी उपडी ठेवून ठोकताना मध्येच एकदा आलेला बद्द आवाज आठवला. तडा गेलेल्या मडक्याचा येतो तसा. त्या वेळी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. होडीची फळी असती तर लगेच बदलली असती. पण त्या दिवशी हात जोरात चालत होता.

त्याने स्टँडवरच्या सार्वजनिक फोनच्या डब्यात रुपया टाकून दिपिकाला फोन लावला. "प्रणितला फोन कर! सांग, बूट काढ! आत्ता काढ!"

"मामा, आत मोबाईल नेऊ देत नाहीत. काय झालं?"

"त्यो बूट नासका हाय! मी नासवला!"

"मामा, शांत व्हा. तसं काही होणार नाही. माझं ऐका तरी, तुम्हाला एक..."

तुळशीरामने फोन आपटला होता. ऐकून घेणं हा त्याचा गुण कधीच नव्हता.

उरणची एसटी नुकतीच सुटली होती. दुसरीची वाट पाहणं त्याच्याच्याने शक्य नव्हतं. तो मिनीडोरमध्ये, सहा आसनी रिक्षात चढला, तर ड्रायव्हर सीट भरल्याशिवाय हलेना. तुळशीराम खाली उतरून रस्त्यावरच्या लोकांना बाबापुता करून आत कोंबायला लागला. "चला, चला, आता निघतंय!" लोकांना वाटलं हाच मालक. गाडी निघाली तरी याचा जीव थाऱ्यावर नव्हता. गव्हाण गेलं, जासई आली, आणि पुढे कंटेनरवाल्या ट्रेलरची रांग लागलेली. मिनीडोर मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. प्रत्येक ट्रेलरवरच्या त्या अवजड लोखंडी पेटीकडे तो पाहायचा आणि ती प्रणितच्या उजव्या पायावर उतरताना त्याला दिसायची. शेवटी करळ फाट्याच्या अलीकडेच त्याने गाडी सोडली आणि ट्रेलरच्या कडेने चालत सुटला. मध्येच पळायचा, धाप लागली की चालायचा, स्वतःला शिव्या घालायचा. बाईकवाल्या एका पोराने दया येऊन त्याला मागे घेतलं आणि द्रोणागिरीत गोदामाच्या फाटकाशी सोडलं. तुळशीराम त्याला धन्यवादही द्यायचे विसरला.

फाटकावर आनंदा नावाचा वॉचमन होता. त्याने आधी तुळशीरामच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. पायांत रबरी स्लिपर.

"आजोबा, सेफ्टी बुटाशिवाय आत सोडत नाही."

"अरं, बुटासाठीच आलोय मी!"

"मग दुकान पनवेलला. इथं मिळत नाहीत."

तुळशीराम फाटकाच्या गजांना धरून हलवायला लागला. आतून फोर्कलिफ्टचा पीं पीं आवाज येत होता, कुठेतरी काहीतरी धाडकन पडलं, आणि त्याच्या तोंडून "प्रणित!" अशी हाक निघाली, की आतले हमालसुद्धा थांबून बघायला लागले. आनंदा घाबरला. वेडा आहे की घरचं कुणी गेलंय, त्याला कळेना. त्याने मुकाट्याने आत फोन लावला.

प्रणित पळतच आला. चेहरा पांढरा. "आईला काय झालं?"

तुळशीराम त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. तो पायांकडे पाहत होता. प्रणितच्या पायांत बूट होते. काळे, सेफ्टीचेच, पण ग्रीसने माखलेले, टाचेला तेलाचा थर. आणि ते तुळशीरामचे नव्हते.

"ह्ये कुनाचे?"

प्रणितला एका क्षणात सगळं कळलं. तो गजांना धरून उभा राहिला.

"माझेच. होळीच्या वक्ताला मिळाले. सुपरवायझरनं तवाच दिले."

"आनि माझे?"

"लॉकरात. येताना घालतंय, जाताना घालतंय. आत नाय घालत. स्टोअरवाल्याला हात जोडलं, तवा त्यानं त्यो जुना जोड मना ठेवू दिला. त्याला बोल्लो, बापूस संध्याकाळी वाट बघत बसतो."

म्हणजे होळीपासून आजपर्यंत आपण साफ करत होतो ती धूळ होती. घर ते एसटी आणि एसटी ते फाटक, एवढ्या रस्त्याची धूळ! तुळशीरामला आधी हायसं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग असा राग आला, की हे गज मध्ये नसते तर त्याने जवान लेकाच्या कानाखाली वाजवली असती. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा आपल्या हातात बूट दिला होता यांनी.

"घरी कोना कोनाला म्हाईत हाय?"

प्रणित स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. म्हणजे सगळ्यांना.

"मना सांगायचं व्हतं तू."

"सांगितलं असतं, बाबा," प्रणित हळूच म्हणाला. "तुमी ऐकलं असतं?"

तुळशीरामने तोंड उघडलं. आनंदा वॉचमनही कामधंदा सोडून उत्तराची वाट पाहत होता.

"नसतं ऐकलं," तुळशीराम म्हणाला आणि वळून एसटीच्या थांब्याकडे चालायला लागला.

तो घरी आला. भामाने ताट वाढलं, त्याने खाल्लं, उठला. दिपिका दोनदा जवळ येऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फेऱ्या सुरू झाल्या, दार ते धक्का, धक्का ते दार. जित्याची खोड, पण या फेऱ्या पूर्वीच्या नव्हत्या. पूर्वी हात रिकामे म्हणून तो फिरायचा, आता डोक्यातलं थांबेना म्हणून. ब्रश आणि फडकी त्याने फळीवर वर टाकून दिली होती. सांडशी कुठे टाकली ते भामालाही सापडलं नाही.

दिवेलागणीला प्रणित आला. ओटीवर बसला आणि पायांतले बूट काढून बापाच्या समोर ठेवले. ते खरे होते. ग्रीस, काळं तेल, लाकडाचा भुसा, फोर्कलिफ्टच्या टायरचा कसलातरी उग्र वास.

"ह्ये साफ करा," तो म्हणाला. "ठोकाठोक नाय. निस्तं साफ."

तुळशीराम त्यांना हात न लावता एक फेरी मारून आला. मग दुसरी. मग त्याने फळीवरून ब्रश काढला, उकिडवा बसला आणि डावा बूट ओढला. भुसा झटकला, नाड्या काढल्या, ग्रीस खरवडलं. नखं भरली. मग उजवा घेतला. ओल्या फडक्याने पुढचा भाग पुसताना त्याचा हात थबकला. टोपीवरचं पॉलिश निघत होतं, आणि निघता निघता संपत नव्हतं. घाणीवरच लावलेलं, थरावर थर, अडाणी माणसाने लावावं तसं. त्याने नख घातलं. पॉलिशखालून काळा झालेला कापूस निघाला. कापूस ओढला, तर खाली अंगठा बुडेल एवढा चेप.

कुणी भरला ते विचारायची गरज नव्हती. रीत त्याचीच होती, हात तेवढा कच्चा. खाण तशी माती.

"ह्ये कवा?" त्याने विचारलं. आवाज एवढा खाली होता, की आतून भामा बाहेर आली.

प्रणितने मान खाली घातली. "गनपतीच्या आधी. पेटी पडली. काय झालं नाय, बाबा. मना लागलं बी नाय."

"मंग बदलला का नाय?"

"एका वरसात दुसऱ्यांदा मागायचा... सुपरवायझर म्हनंल, तूच बेसावध. मी बोल्लो, दिसत नाय ना, मंग चालंल वरीसभर."

गणपतीच्या आधी. तेव्हा आपण या ओटीवर बसून रस्त्याची धूळ पुसत होतो आणि गुणाबाईला आपल्या पॉलिशचं कौतुक सांगत होतो. त्याच दिवशी याच्या पायावर पेटी पडली होती, आणि त्या संध्याकाळी हा आपला ठोकलेला बूट घालून, जराही न लंगडता, हसत घरी आला होता. ती पेटी आपल्या बुटावर पडली असती तर? तुळशीरामला कमलाकरचं बँडेज दिसलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही, त्याला ते सुचलंच नाही.

"पाय इकडं कर."

"बाबा, काय नाय झालं म्हनतंय ना..."

"पाय इकडं कर!"

प्रणितने पाय पुढे केला. तुळशीरामने तो मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबून, वाकवून पाहिलं. लग्न झालेला बाप्या माणूस, भर ओटीवर, शेजारीपाजारी बघत असताना. प्रणित लाजेने लाल झाला, पण पाय त्याने मागे घेतला नाही.

मग तुळशीरामने पाय खाली ठेवला, आत गेला आणि भामाचा मासळी कापायचा सुरा घेऊन आला. कुणाला काही कळायच्या आत त्याने उजव्या बुटात तो सुरा घातला आणि नाडीच्या भोकांपासून तळापर्यंत कातडं उभं फाडलं. जन्मात पहिल्यांदा या हातांनी चांगली दिसणारी वस्तू मोडली. लोखंडी टोपी आतून उघडी पडली.

"बाबा! कंपनीचा बूट हाय त्यो!"

"कंपनीला सांग, बापसानं कापला. दुसरा नाय दिला तं मी येतंय गेटवर. आनि दुसरा मिलस्तवर तू कामावर जायाचं नाय."

प्रणित काही बोलणार होता. त्याच्या आधी भामा बोलली.

"दुसरा बी कापा," ती नवऱ्याला म्हणाली. "एकच कापलात, तं उद्या त्याला जोड शिवत बसाल."

तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं. मग डावा बूट ओढून घेतला, आणि तोही कापला.